आरादियाची माणसं

फोन्तेनेरा, ११ ऑक्टोबर १८९३

इझोलिना,

खेचरवाला सेस्तिलियो सांगत होता, तुमची टोळी खाली समुद्राकाठी मारेम्मात पोचली, झोपड्या उभ्या राहिल्या, पहिली कोळशाची भट्टी लागली आणि तू बाल्दोकाकाच्या बारा माणसांना रांधून घालतेस. म्हणजे तुझा ठावठिकाणा खेचरांनासुद्धा माहीत, फक्त मला नाही. छान.

हे पत्र तूच वाच, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. चेस्टनटच्या झाडाखाली बसून तुला अक्षरं शिकवली ती मी. तेवढा हक्क राहू दे.

मला एकच सांग. मी असं केलं तरी काय? ऑगस्टात बाबांच्या औषधाच्या दुकानात नेहमीची मंडळी बसली होती. पाद्री, मास्तर, जहागिरीचा कारभारी. कारभारी तुझ्या मेन्गाआजीला चेटकीण म्हणाला. मी तिची बाजू घेतली. बोलण्याच्या भरात तिच्या मंत्रातले चार शब्द माझ्या तोंडून गेले असतील. तू नेमकी तेव्हाच घागर घेऊन खिडकीखाली उभी असशील, हे मला काय स्वप्न पडलं होतं?

आणि नुन्झियाताच्या डोळ्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस. तुझ्या बहिणीच्या कपाळावर नागीण उठली. नागीण नसांमधून येते, हे मी पिसाच्या कॉलेजात घोकलंय. तू तीन सकाळी तिच्या कपाळावर अंगठा फिरवलास, तरी ती डोळ्यात उतरली आणि डोळा गेला. तो तसाही गेला असता. धुण्यावरच्या बायका म्हणतात, ‘इझोलिनाचा हात थंड पडला, गुण गेला.’ म्हणू देत. त्यासाठी कुणी गाव सोडतं का?

मी कोण आहे ते तरी आठव. पिसाला एका मेलेल्या शेतकरणीच्या गळ्यातली ताइताची पिशवी प्रोफेसरानं चिमट्यानं उचलून वर्गाला दाखवली आणि सगळे खो खो हसले. तेव्हा त्याच्या टेबलावरची दौत भिंतीवर फोडून कॉलेजातून चालता झालेला माणूस मी. असा माणूस तुझ्या आजीला हसेल?

उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा (तुला नको असलो तरी),
एजिस्तो


फोन्तेनेरा, २ नोव्हेंबर

इझोलिना,

माझं पत्र परत आलं. पाकीट फोडलेलं, आत माझेच कागद, आणि कोपऱ्यावर कोळशाचा काळा अंगठा. तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी संतापानं ते टराटरा फाडलं. मग गुडघ्यावर बसून तुकडे गोळा केले आणि अंगठ्याचा तेवढा तुकडा खिशात ठेवला. वाचलंस तर! दोनदा वाचलंस, कारण घड्या दोन तऱ्हेच्या आहेत.

इथे आज पितरांचा दिवस. सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावून आलंय. नुन्झियाता भेटली. एका डोळ्यावर रुमाल बांधलेला. मला पाहून म्हणाली, ‘काय डॉक्टर, उरलेल्या डोळ्यानं बघते हं तुम्हाला.’ हसत म्हणाली. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

घरी बाबा मला नावानं हाक मारत नाहीत. ‘अर्धे डॉक्टर, तेवढा खल धुऊन ठेवा.’ ‘अर्धे डॉक्टर जेवायला पूर्ण आहेत वाटतं?’ आई काहीच बोलत नाही. ती मागच्या खोलीत बसून भाजल्याच्या मलमाच्या डब्या कागदात गुंडाळत असते. ते मलम न्यायला पार फाएन्झाहून माणसं येतात, आणि मलमात घातलेली आपली चरबी कशी नामी आहे हे बाबा प्रत्येकाला ऐकवतात.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नाही. चार शब्द नव्हते, सगळे होते. गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मेन्गाआजीनं ते तुला दिले. त्या एका संध्याकाळीच द्यायचे असतात, आणि बाईनं बाईलाच. तू ते जुलैत भर दुपारी माझ्या कानात सांगितलेस. मी घरी येऊन वहीत उतरवून काढले. देवाशप्पथ, वाईट हेतूनं नाही. तू मला काही द्यावंस आणि मी ते विसरावं, ही कल्पनाच सहन होईना. आणि दुकानात मी ती वही काढली.

मंत्रात आरादियाचं नाव आलं तेव्हा पाद्रीबाबांनी आधी छातीवर क्रूस केला, मग हसले. आधी क्रूस केला, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

एजिस्तो


फोन्तेनेरा, २६ नोव्हेंबर

इझोलिना,

हे पत्र तरी परत पाठवू नकोस. तुझ्या मेन्गाआजीकडे जाऊन आलो.

ती चेस्टनट वाळवायच्या खोपीत शेकोटीशी बसली होती. आता तिला उठवत नाही. पाय सुजून खांबासारखे झालेत, ओठ निळे. दोन वर्षं शिकलोय, तेवढ्यात मला कळलं की ती वसंत बघणार नाही.

‘कोण, डॉक्टर?’

‘एजिस्तो, आजी.’

‘तेच. बस. सोलायला घे. रिकाम्या हातानं माझ्यापुढे कुणी बसत नाही.’

मी सोलायला लागलो. म्हणालो, ‘आजी, इझोलिनाचा काही दोष नाही. मीच ते...’

‘तू वाचलंस. म्हातारी आहे मी, बहिरी नाही. माझी नक्कल तरी बरी केलीस का?’

होय, नक्कल केली. हे तुलाही मी सांगितलं नव्हतं, पण तू ऐकलंच असशील. ओठ आत ओढून, बोळक्या तोंडानं, तिच्यासारखा हात थरथरवत. कारभारी म्हणाला होता, ‘काय रे, पिसाला दोन वर्षं गवत उपटत होतास का? काहीतरी शिकल्याचं दाखव.’ आणि मला वाटलं, एकदा, फक्त एकदा या लोकांनी मला हसण्याऐवजी माझ्याबरोबर हसावं. बाजू वगैरे मी कुणाची घेतली नव्हती.

‘मी शब्द मारले, आजी.’

‘तू?’ ती इतकी हसली की तिला ढास लागली. ‘तुझी काय छाती! हसण्यानं शब्द मरत नाहीत रे. हसणाऱ्यांच्या सात पिढ्या पुरल्यात त्यांनी. शब्द मरतात लाजेनं. खिडकीखाली पोरीला लाज वाटली. माझी, शब्दांची, स्वतःची. लाजलेल्या हातात ऊब राहत नाही.’

‘मग तुम्ही तिला पुन्हा द्या ना.’

‘माझ्याकडे कुठे आहेत? दिले की गेले. बाळंतीण त्याच पोरानं परत पोटुशी राहते होय?’

मी विचारलं, ही आरादिया आहे तरी कोण. वहीत नाव लिहिलं होतं, चारचौघांत वाचलं होतं, पण विचारलं आज पहिल्यांदा.

आजी निखाऱ्यांकडे बघत बोलली. तिच्याच शब्दांत लिहितो.

‘चंद्राची लेक. चंद्र आपल्याकडे बाई, तिची आई. त्या काळी जहागीरदाराच्या कुत्र्याला मांस आणि कुळाच्या पोराला सालं. आईनं लेकीला सांगितलं, जा खाली, आपल्या माणसांना काहीतरी शिकव. ती आली. रथातबिथात बसून नाही. पाणवठ्यावर बायकांची रांग होती, तिच्यात घागर घेऊन शेवटी उभी राहिली. म्हणून जहागीरदाराला दिसली नाही. रांगेत शेवटी कोण आहे ते त्याला कधी दिसतच नाही. तिनं कुणाला आगीचे शब्द दिले, कुणाला जंताचे, कुणाला दृष्टीचे, कुणाला मुरगळ्याचे. एकीला एक. सगळं एकीलाच दिलं असतं तर तीच जहागीरदारीण झाली असती.’

‘आणि मग परत गेली?’

‘गेली कोण म्हणालं? बाई रडत असली की तिच्या मागे उभी असते. म्हणून रडणारी बाई मागे वळून बघत नाही.’

इझोलिना, खोपीत धूर होता, माझे डोळे वाहत होते. धुरानंच. पण माझी मान आखडली ती घरी येईपर्यंत सुटली नाही.

निघताना तिनं सांगितलं की बाल्दोकाकाचा निरोप आलाय. जानेवारीत टोळी बोटीनं कॉर्सिकाला जाणार, आणि तू म्हणतेस, मीही जाते, परत येत नाही. ‘थंड हात घेऊन कुठल्या तोंडानं गावात येऊ,’ असं म्हणालीस म्हणे.

येऊ नकोस असं म्हणणारा कोण आहे इथे? पण आजी म्हणते, नुसतं बोलावून भागणार नाही. तुला कुणीतरी आपले शब्द द्यायला हवेत, याच नाताळच्या आदल्या संध्याकाळी. ती चुकली तर पुढची वर्षानं, आणि तोवर तू समुद्रापार.

‘कोण देईल आजी?’

‘विचारावं लागेल. डिसेंबरची पौर्णिमा नाताळाला चिकटूनच आहे. मला वरच्या माळावर न्यायला पाय हवेत. तुझे आहेत ना? का तेही पिसाला अर्धे टाकून आलास?’

एजिस्तो


फोन्तेनेरा, १७ डिसेंबर

इझोलिना,

तुझं उत्तर नाही, आणि या वेळी पत्रही परत नाही. याचा अर्थ लावण्यात तीन आठवडे गेले. सेस्तिलियोला विचारलं, ‘कशी दिसली?’ म्हणाला, ‘काळी. कोळशाच्या भट्टीवर काय गोरी दिसेल?’ मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानं मला एका हातानं पाण्याच्या कुंडीत बसवलं. असो.

वही जाळली. आजीला अभिमानानं सांगायला गेलो तर म्हणाली, ‘कागद होता, पेटला. त्यात काय विशेष?’

एक गोष्ट मनातून जात नाही. पिसाचा प्रोफेसर त्या शेतकरणीची पिशवी चिमट्यात धरून हसला, तेव्हा मी दौत फोडली. आणि ऑगस्टात माझ्या हातात वही होती. चिमटा आणि वही यात फरक काय? त्याच्यापुढची बाई मेलेली होती. माझी तर खिडकीखाली उभी होती. माझ्यावर दौत कुणीच फेकली नाही.

बर्फ पडायला लागलंय. तू बोटीवर चढू नकोस एवढं मी लिहिणार होतो, पण मला तो हक्क आहे असं आता वाटत नाही. तरी लिहिलं. चढू नकोस.

एजिस्तो


फोन्तेनेरा, २३ डिसेंबर, पहाट

इझोलिना,

अक्षर सांभाळून घे. घाईत आहे. सगळं क्रमानं सांगतो.

काल दिवेलागणीला मी आजीला चेस्टनट वाहायच्या हाऱ्यात बसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि पट्टे खांद्यात घालून माळाची वाट धरली. बर्फ घोट्याच्या वर. ती पाठीवरून बोलत होती. ‘हळू रे, मी काय सरपण आहे?’ ‘इझोलिनाचा आजा मला असाच नेणार होता, पण त्याला कंबर नव्हती.’ ‘धापा कसल्या टाकतोस, पिसाला जेवायला घालत नव्हते का?’ मग ती गप्प झाली. मला वाटलं, गेली. थांबलो, तर मागून आवाज आला, ‘चाल. तिला वाट बघायला लावायची नसते.’

माळावर पोचलो तेव्हा समोरच्या डोंगराआडून चंद्र वर येत होता. तसा चंद्र मी पाहिला नव्हता. मोठा, पिवळट, चुलीवरून उतरवलेल्या भाकरीसारखा, आणि इतका जवळ की आवाज होईल असं वाटलं. बर्फ निळं झालं. आणि मग मला दिसलं की माळ रिकामा नाही.

बायका होत्या. कुणी दिवा आणला नव्हता. वेगवेगळ्या वाटांनी, एकेकट्या आल्या असाव्यात, कारण बर्फात पावलांच्या वेगवेगळ्या ओळी होत्या आणि सगळ्या तिथे येऊन थांबल्या होत्या. भट्टीवरची पाव भाजणारी. घंटा वाजवणाऱ्याची विधवा. पलीकडच्या खोऱ्यातल्या दोघी, ज्यांना मी बाजारात अंडी विकताना पाहिलंय. कारभाऱ्याची सासू! डोक्यावरचे रुमाल सोडलेले, केस मोकळे, तोंडं चंद्राकडे. यांना मी लहानपणापासून ओळखतो, आणि मी यांच्यातल्या एकीलाही ओळखत नव्हतो. दूर दुसऱ्या माळावरही काळे ठिपके होते, त्याच्या पलीकडच्या कड्यावरही. सगळे डोंगर भरून बायका उभ्या होत्या, इझोलिना, आणि खाली दुकानात पुरुष पत्ते खेळत बसले होते.

मी टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

आजी हाऱ्यातूनच बोलली, चंद्राकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी. ‘आरादिये, ऐकतेस ना? माझी चूक झाली. पोर प्रेमात होती, आणि प्रेमात पडलेल्या पोरीला मी शब्द दिले. तडा गेलेल्या घागरीत पाणी भरलं. शिक्षा मला कर. पण तिला रिकाम्या हातानं समुद्रापार जाऊ देऊ नकोस. तुझ्या रांगेतली आहे ती.’

मग मला म्हणाली, ‘तू बोल.’

मी काय बोलणार होतो? वाटेत एक भाषण पाठ केलं होतं. ते गेलं. मी म्हणालो, ‘मी हसलो.’ आणि रडायला लागलो. लहान पोरासारखा, आवाज करून, सगळ्या बायकांसमोर. आणि तेव्हा माझ्या मानेवर ऊब आली. वारा समोरून होता, बर्फाचा, दात वाजवणारा. आणि मागून, मानेच्या बरोबर मधोमध, कुणी जवळ उभं राहावं तशी ऊब. श्वासासारखी. दोन वर्षं मी शरीर शिकलो. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. तुझी शपथ, हिंमतच झाली नाही, आणि इच्छाही नव्हती. ती तिथे असावी, एवढंच पुरेसं होतं.

आजीनं विचारलं, ‘कोण देतं?’

कुणी हललं नाही. हलणार कसं? जी देईल तिचा हात कायमचा थंड होणार. पन्नास वर्षं जपलेलं एका परक्या पोरीला देऊन टाकायचं. पाव भाजणारीनं आपले हात शालीखाली घेतले. मी त्यांना दोष देत नाही.

मग कडेच्या झाडाखालून एक बाई पुढे आली. केस मोकळे होते म्हणून मला आधी कळलं नाही. माझी आई होती ती.

माझी आई! औषधवाल्याची बायको, रविवारी पहिल्या बाकावर बसणारी, जी तुला ‘ती कोळशेवाल्यांची’ म्हणायची. ती म्हणाली, ‘माझे आगीचे आहेत. नागिणीलाही चालतात, भाजल्यालाही.’

आजी म्हणाली, ‘तुझ्या नवऱ्याच्या मलमाचं काय होईल गं मग?’ आणि त्या सगळ्या बायका, इझोलिना, हसल्या. मोठ्यानं, पोट धरून, त्या चंद्राखाली. तेव्हा मला आईचा अंगठा दिसला. डबी कागदात गुंडाळताना झाकणावर तीनदा फिरणारा. आयुष्यभर मी तो पाहिला होता, आणि मला वाटायचं, ती कागदाची घडी बसवते.

खाली उतरताना मी आजीला पाठीवर घेतलं होतं आणि आई पुढे चालत होती. मी म्हणालो, ‘आई, नाताळची संध्याकाळ तर परवावर आली. इझोलिनाला कळणार कधी, येणार कधी?’

‘ती कशाला येईल? मी जाते.’

‘तू? मारेम्मात? तू तर मार्रादीच्या पुढे कधी गेली नाहीस!’

‘तिथून आता आगगाडी जाते ना.’

‘बोगदे आहेत, आई. अंधार असतो.’

‘डोळे मिटून घेईन.’

‘मी येतो बरोबर.’

‘नाही.’ ती थांबली, वळली. ‘तू आलास तर ती तुझ्याकडे बघेल. रागानं किंवा प्रेमानं, पण तुझ्याकडेच. मला तिनं माझ्याकडे बघायला हवंय.’

यावर मी भांडणार होतो. भांडण तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं असेल, म्हणून अजून घशात दुखतंय.

‘बाबांना काय सांगू?’

‘सांग, बहिणीकडे गेली.’

‘तुला बहीण कुठाय?’

‘बत्तीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नाही. आता कशाला विचारतील?’

सेस्तिलियो दारात खेचर घेऊन उभा आहे. हे पत्र आईजवळच देतोय. आई खोगीर तपासतेय, जणू रोजचंच काम. तू हे वाचशील तेव्हा उद्याची संध्याकाळ झालेली असेल आणि ही बाई तुझ्या झोपडीच्या दारात उभी असेल. मी इथे आजीजवळ बसेन. ती म्हणते, पोरीचा हात गरम झाल्याचं कळेपर्यंत मी कुठे जात नाही. तिचा शब्द ती पाळेल असं वाटतं.

मी तुला परत ये म्हणत नाही. कॉर्सिकाला जा, हवं तर माझ्या तोंडावर थुंकायला ये, नाहीतर कुणा भल्या कोळशेवाल्याशी लग्न कर. जिथे जाशील तिथे भरल्या हातानं जा.

शब्द मला माहीत नाहीत. आईनं सांगितले नाहीत आणि मी विचारले नाहीत.

तिला आधी काहीतरी गरम प्यायला दे. ती मागणार नाही. मग बाल्दोकाकाला आणि त्याच्या माणसांना बाहेर पाठव, दार लावून घे, आणि अगदी जवळ बस. आई फार हळू बोलते, इझोलिना. आमच्या घरात तिला मोठ्यानं बोलायची कधी सवयच लागली नाही. कान अगदी तिच्या ओठांशी ने.

एजिस्तो